हिवाळ्यातील कोंबडी व तिच्या धन्याचे कर्तव्य

मार्गशीर्ष लागला म्हणजे वळसंगाच्या काळ्या रानात शाळू पोटऱ्यास येतो, हरभऱ्यास घाटे धरू लागतात, आणि घरोघरी एक तक्रार ऐकू येते : "कोंबड्या दाणे तेवढे टिपतात, अंडे म्हणून घालीत नाहीत." दक्षिण सोलापूर तालुक्यातील हे आमचे गाव सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर आहे. येथे फार कडक थंडी पडते असे नाही. दुपारचे ऊन ह्या दिवसांतही ३० अंशांच्या घरात असते; परंतु पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास व कधी कधी त्याहूनही खाली उतरतो, आणि खुराड्यातील पाखरे अंग फुगवून एकमेकींस बिलगून बसतात. ज्या कुटुंबाच्या परसात चार-सहा गावठी कोंबड्या आहेत त्यास अंडी म्हणजे मीठमिरचीचा व मुलांच्या वहीपेन्सिलीचा पैसा होय. तो थांबला की घरात प्रश्न निघतो : जी काही देत नाही तिला का म्हणून पोसावे?

वाचकहो, हा प्रश्न क्षुल्लक दिसतो. पण आपल्या आश्रयास असलेल्या जिवाचे आपण किती देणे लागतो, आणि तो आपल्या उपयोगी पडेनासा झाला म्हणजे ते देणे फिटते काय, हाच त्यातील खरा प्रश्न आहे. म्हणून त्याचा विचार शांतपणे करणे बरे.

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. कोंबडी हिवाळ्यात अंडी घालीत नाही किंवा कमी घालते, ती आळसाने नव्हे. आपल्याकडे ज्येष्ठ-आषाढात दिवस तेरा तासांहून थोडा मोठा असतो; मार्गशीर्ष-पौषात तो अकरा तासांवर येतो. उजेडाचे हे मान कोंबडीच्या डोळ्यांतून व कवटीतूनही तिच्या मेंदूस कळते, आणि त्याच्या इशाऱ्यावर अंडे तयार करणारी इंद्रिये चालतात किंवा मंदावतात. ह्याच सुमारास पुष्कळ कोंबड्या जुनी पिसे झाडतात. नवे पीस जवळजवळ सगळे प्रथिनाचे असते, आणि अंड्यासही तेच लागते. एका खाण्यातून दोन्ही कामे होत नाहीत. म्हणून शरीर आधी पिसे घेते व अंडे थांबविते. शिवाय कोंबडीच्या अंगाची ऊब सुमारे ४१ अंश असते. थंड रात्री ती टिकविण्यास तिला खाल्लेला दाणा खर्च करावा लागतो. मोठ्या शेडमधील कोंबडी वर्षाकाठी तीनशे अंडी देते हे खरे. पण तेथे तिच्या जातीची निवड पिढ्यान्‌पिढ्या त्याच हेतूने झालेली असते, खाद्य तोलून मिळते, आणि विजेचे दिवे लावून दिवस सोळा तासांचा केलेला असतो. आपल्या परसात ह्यांपैकी काहीच नसते. सारांश, जिला आपण रिकामी म्हणतो ती ह्या दिवसांत आपले अंगवस्त्र नवे करीत असते व रात्रभर आपली शेगडी पेटती ठेवीत असते.

आता वरील प्रश्नास लोक दोन प्रकारची उत्तरे देतात. हिशेबी मनुष्य म्हणतो, दाणा आहे तर अंडे. अंडे नाही तर दाणाही नाही. दयाळू मनुष्य म्हणतो, मुका जीव आहे, चार दाणे टाकले तर पुण्यच लागेल. आमच्या मते दोघेही चुकतात.

हिशेबी मनुष्य आपली वही मार्गशीर्षात उघडतो, ही त्याची चूक. त्याने ती चैत्रापासून वाचावी. त्या वहीत अंडी आहेत, खुडूक होऊन एकवीस दिवस जागेवरून क्वचितच उठलेल्या आईने उबविलेली पिले आहेत, परसातील किडे वेचणे आहे, भाजीच्या वाफ्यास मिळालेले खतही आहे. ह्या सर्वांची बाकी काढली तर दोन महिन्यांच्या कण्या कोणाच्या नावे पडतील?

दयाळू मनुष्याची चूक अधिक सूक्ष्म आहे. जे देणे आहे त्यास तो दान म्हणतो. कोंबडीचे मूळ पूर्वज रानकोंबडे. ते झाडावर बसतात, वाऱ्याची दिशा पाहून जागा बदलतात, आपले अन्न आपण शोधतात. आपण कोंबडीस घरची केली. सांजेस तिला खुराड्यात कोंडून वर दगड लावतो तो आपण. भिंतीच्या फटीतून वारा आला तर तिला उठून दुसरीकडे जाता येत नाही. तिची अडचण आपल्या व्यवस्थेने निर्माण केलेली आहे; मग ती दूर करणे हा उपकार कसा? भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही धन्यावर प्राण्याची काळजी घेण्याचे कर्तव्य ठेविले आहे, आणि पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे ही क्रूरता ठरविली आहे. त्यात दूध किंवा अंडे देणाऱ्याच प्राण्यास, अशी अट नाही. जुन्या करारातील अनुवाद नावाच्या पुस्तकात पाखराच्या घरट्याविषयी एक लहानसा नियम आहे. उपदेशक बंधूंस तो ठाऊकच आहे. मनुष्याने पिले घ्यावीत, परंतु आईस सोडून द्यावे. घेण्याचा अधिकार तेथे नाकारलेला नाही, पण त्यास मर्यादा घातलेली आहे.

येथे कोणी म्हणेल, "हे सांगणे सोपे आहे. ज्याच्या घरी पौषात ज्वारीची कणगी तळास गेली आहे त्याने आधी मुलांच्या तोंडात घास घालावा की कोंबडीच्या?" आम्ही निःशंकपणे म्हणतो, मुलांच्या. नव्या शाळूस अवकाश असताना पाच पाखरे पोसवत नसतील तर दोन ठेवावीत, तीन विकावीत किंवा घरी खावीत. त्यात आम्हांस दोष दिसत नाही. परंतु ठेवणे आणि सोडणे ह्यांच्या मध्ये एक तिसरी वाट आहे, आणि बहुतेक घरे त्या वाटेने जातात. कोंबडी विकीतही नाहीत आणि सांभाळीतही नाहीत. फाटलेले गोणपाट तसेच लोंबत ठेवतात, पाण्याचे परळ कोरडे पडते, आणि ती जगली तर आपली, मेली तर तिचे नशीब. दोष ह्या तिसऱ्या वाटेत आहे. ती वाट कोठे जाते हे आम्ही स्वतः चालून पाहिले आहे. म्हणून ती हकीकत लपवून ठेवीत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या परसात सात कोंबड्या होत्या. कार्तिकात लस टोचण्याचा दिवस कळला. त्या वेळी एकही कोंबडी अंडे देत नव्हती. "आता कशास तसदी? अंड्यावर आल्या म्हणजे पाहू," असे म्हणून आम्ही गेलो नाही. पौषात एके सकाळी दोन कोंबड्या मान वाकडी करून पडलेल्या दिसल्या. विष्ठा हिरवट, श्वास तोंडाने. खेड्यात ज्यास मानमोडी म्हणतात तोच हा राणीखेत रोग. १९२७ साली कुमाऊँतील राणीखेत येथे तो आपल्या देशात ओळखला गेला, म्हणून हे नाव. तो विषाणूचा रोग आहे. एकदा जडला म्हणजे औषध नाही, आधी टोचलेली लस हाच उपाय. दोन दिवसांत चार गेल्या. उरलेल्या तीन अद्याप उभ्या होत्या, दाणाही टिपीत होत्या. आम्ही त्या डालग्यात घालून बाजारास नेल्या व विकल्या. त्यांतील एक गावातल्याच एका विधवा बाईने घेतली. तिने विचारले, "चांगली हाय न्हवं?" आम्ही म्हणालो, "खातेय की." हे शब्द खरे होते, आणि त्यांनी जे सांगितले ते खोटे होते.

आठवड्याभरात त्या बाईच्या आठ कोंबड्या गेल्या. एक अंड्यांवर बसलेली होती, तीही गेली. मग ती आमच्या दारी आली. आम्हांस वाटले, भांडावयास आली. परंतु ती उंबऱ्याशी बसून म्हणाली, "तुमच्याबी गेल्या म्हणं की ओ, दादा. वाईट झालं." ती आमचे सांत्वन करावयास आली होती! त्या दिवशी आमच्याने बोलवले नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन आम्ही सर्व सांगितले. ती काही वेळ गप्प राहिली, मग एवढेच म्हणाली, "आधी सांगितलं असतंत तर येगळी ठिवली असती." फाल्गुनात आम्ही तिला दोन तलंगा नेऊन दिल्या. तिने त्या पंधरा दिवस वेगळ्या डालग्याखाली ठेवल्या. आमच्या शब्दावर तिने विश्वास ठेवला नाही, आणि ते योग्यच होते.

आमचे पाप बाजारात सुरू झाले नव्हते, ते कार्तिकात सुरू झाले. "देत नाही, तर मी का झिजू?" हे वाक्य कोंबडीविषयी म्हणताना निरुपद्रवी वाटले. दोन महिन्यांनी त्याच वाक्याने शेजारणीचे आठ जीव घेतले. जो हिशेब मुक्या जिवाशी केला तोच माणसाशी करावयास मन तयार झाले होते. वृद्ध बाप, आजारी सून, काम न मिळालेला भाऊ, हेही घरातील न देणाऱ्या दिवसांत असतात. कोंबडीची तुलना माणसाशी आम्ही करीत नाही. परंतु धन्याचे मन दोहोंकडे एकच असते.

कर्तव्य काय, तेही थोडक्यात सांगतो. पावसाळा सरताच ठरवावे की किती पाखरे पोसवतील; जास्तीची तेव्हाच, निरोगी असताना काढावीत. जी ठेवाल त्यांच्या खुराड्याची वाऱ्याकडील बाजू गोणपाटाने किंवा तुराट्यांच्या कुडाने झाकावी. पण वरच्या बाजूस हवा खेळण्यास फट ठेवावी, कारण कोंदट ओल ही थंडीहून वाईट. खाली कोरडा भुसा पसरावा व तो ओला होताच बदलावा. सांजेस कोंडण्यापूर्वी मूठभर ज्वारी किंवा कण्या द्याव्यात, म्हणजे रात्रभर ऊब राहते. पाणी रोज ताजे. कोरड्या राखेत लोळू द्यावे, पिसवा कमी होतात. लस वेळेवर टोचून घ्यावी, अंडी असोत वा नसोत. बाहेरून आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवावी. आणि घरात रोग शिरला तर एकही पाखरू दाराबाहेर जाऊ देऊ नये. मेलेली खोल पुरावीत, शेजाऱ्यांस त्याच दिवशी सांगावे, पशुवैद्यास कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरास बर्ड फ्लू हा निराळाच रोग आला व लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. पाखरांचे रोग कुंपण ओळखीत नाहीत, हे तेव्हा सर्व देशाने पाहिले.

माघात दिवस वाढत असतो. एखाद्या सकाळी खुराड्यातून तो ओळखीचा कलकलाट ऐकू येतो, आणि भुशात हात घातला तर ऊन ऊन अंडे लागते. ते घेताना प्रत्येकाने आपणांस विचारावे की मागील दोन महिने आपण ह्या जिवाशी कसे वागलो. ज्यास उत्तर देताना मान खाली घालावी लागणार नाही त्याने ते अंडे आनंदाने घरात न्यावे.