मोशेची जड जीभ

आपली जीभ जड आहे, असे मोशेने परमेश्वराला सांगून पाहिले (निर्गम 4:10). देवाने त्याची जीभ बरी केली नाही, पण कामगिरीही काढून घेतली नाही. सोबतीला अहरोन दिला. रागावून दिला, पण दिला!

महाराष्ट्रातील एका मुलाला असाच बोलण्याचा त्रास होता. ऑक्टोबर 2024 मध्ये त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की केवळ अपंगत्वाची टक्केवारी पाहून डॉक्टरकीचा प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण त्याला जमेल का, हे तपासावे लागते. दिव्यांग हक्क कायदा, 2016 तर कॉलेजांनी गरजेप्रमाणे सोय करून द्यावी, असे सांगतो.

पुष्कळदा प्रयोगशाळेत अशा मुलाला दयेने म्हटले जाते, "तू बस, जर्नलवर सही देतो." मार्क मिळतात, हात कोरे राहतात. ही दया आम्हाला खटकते. टेबल खाली घ्यावे, वेळ वाढवावा, मदतनीस द्यावा. पण प्रयोग त्यानेच करावा.

माळशिरसहून अकलूज, सोलापूरला मुले शिकायला जातात. पालकांनो, प्रवेश हुकेल या भीतीने आपण अपंगत्व लपवतो. प्रमाणपत्र काढून ठेवा. प्रात्यक्षिके, इंटर्नशिप सुरू होण्यापूर्वीच प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. अर्ज लिहायला मिस्सानंतर एकत्र बसू.