कष्टाचे मोल, माणसाचे मोल

(सामान्य काळातील २६ वा रविवार, वर्ष ब)



आजच्या दुसऱ्या वाचनात (याकोब ५:१-६) संत याकोब बजावतो की, कापणी करणाऱ्यांची बुडवलेली मजुरी देवाच्या कानापर्यंत पोहोचते.

जातिभेद अज्ञानातून आला, असे आपण सहज म्हणतो. परंतु त्यामागे पोटाचा हिशोबही आहे. गावगाड्यात महारांना वतनाची थोडी जमीन आणि बलुते मिळे. त्या बदल्यात निरोप पोहोचवणे, मेलेली जनावरे ओढणे अशी कामे रात्री-अपरात्रीही करावी लागत. ज्याच्याकडून फुकट राबवून घ्यायचे, त्याला हलका ठरवणे सोयीचे असते. हे ओळखूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाविरुद्ध विधेयक मांडले आणि १९५० साली आपल्या शहरात महाविद्यालय काढले.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. विद्यापीठ शहरात होते, पण घरे जळाली खेड्यांत! वाद फक्त नावाचा असता, तर असे का झाले असते? गावकीची कामे नाकारणारा, रोख मजुरी मागणारा, गायरान कसणारा, मुलांना शिकवणारा दलित अनेकांच्या डोळ्यांत खुपत होता. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी.

मग पैसा आला की भेद संपतो का? नाही. चांगला पगार असलेल्यालाही भाड्याची खोली देण्याआधी आडनाव विचारले जाते. म्हणजे लोभाने लावलेले रोप पुढे अहंकाराच्या पाण्यावर वाढते. म्हणून कायदा हवा, रास्त मजुरी हवी आणि मनाचे परिवर्तनही हवे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालीच आपल्या परिपत्रकात शिकवले की, कामगाराचा निर्वाह होईल इतकी मजुरी देणे हा न्याय आहे, उपकार नव्हे.

आपल्या समाजाची वेदनाही येथेच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. बाप्तिस्म्याने पाप धुतले जाते, भूमिहीनपणा नाही. या न्यायासाठी आपण जरूर आवाज उठवावा. पण आपल्याच घरी सोयरीक ठरवताना मूळ जात विचारली जात असेल, तर त्या आवाजात बळ कोठून येणार?

दसऱ्यानंतर मराठवाड्यातील कित्येक कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातील. त्यांच्यासाठी प्रार्थना करू या. त्यांची मुले मागे राहून शिकू शकतील का, याची विचारपूस करू या. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईचा पगार वेळेवर देऊ या, आणि चहा आपण पितो त्याच कपात. नाक्यावरून आणलेल्या मजुराचे पैसे सूर्य मावळण्यापूर्वी त्याच्या हाती पडावेत, ही देवाचीच आज्ञा आहे (अनुवाद २४:१५).

मिस्सेत ख्रिस्तप्रसादासाठी आपण सारे एकाच रांगेत उभे राहतो. ती रांग मंदिराच्या दारापाशी संपू नये, हीच प्रभुचरणी प्रार्थना. आमेन.

आपला धर्मगुरू