कॅरियर नसलेली सायकल

तुमसरहून आंबागड साधारण १३ किलोमीटर. गड बघायचा आणि गायमुखवरून वळसा घेऊन परत यायचं, एवढीच ही राइड. भंडारा जिल्हा म्हणजे धानाच्या बांध्या आणि तलाव, असं बाहेरच्यांना वाटतं आणि बराचसा जिल्हा तसाच आहे. पण या बाजूला सातपुड्याच्या टेकड्या डोकं वर काढतात, साग-मोहाचं जंगल लागतं आणि इतका वेळ सरळ चाललेला रस्ता वर-खाली करायला लागतो. सायकलवाल्याला हवं असतं ते हेच. चढ नसेल तर सांगायला काय राहणार?

गड सुमारे १७०० सालचा. नागपूर वसवणारा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याचा सुभेदार राजाखान पठाण यानं तो बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. कैद्यांना आतल्या विहिरीतलं साचलेलं, विषारी पाणी प्यावं लागे आणि त्यातच ते संपत, असं सांगतात. सायकल पायथ्याशी ठेवून आपण चालत वर जातो, धापा टाकतो, बाटलीतलं इलेक्ट्रोलाइटचं पाणी पितो आणि त्या विहिरीची गोष्ट एकमेकांना ऐकवतो. तहान त्यांनाही लागत होती आणि आपल्यालाही लागली आहे. पण दोन्ही तहानांना एकच शब्द वापरताना मला अडखळायला होतं.

हा लेख त्या अडखळण्याबद्दल आहे. स्वतः निवडलेले कष्ट आणि वाट्याला आलेले कष्ट यांत नेमका फरक काय?

विहीर फार जुनी झाली, म्हणून रस्त्यावरचंच बघू. पावसाळ्यात आम्ही जातो तेव्हा दोन्ही बाजूंना रोवणी चालू असते. बायका सकाळपासून चिखलात कमरेत वाकलेल्या. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणारे पहाटेच जंगलात गेलेले असतात आणि ऊन चढायच्या आत गठ्ठे घेऊन परतताना दिसतात. त्यांच्याही सायकली असतात. काळ्या, जाड नळीच्या, मागच्या कॅरियरवर ट्यूबच्या रबरानं बांधलेलं ओझं. याच तालुक्यात डोंगरी बुजुर्गची मॅंगनीजची खाण आहे. तिथलं मॅंगनीज डायऑक्साइड ड्राय सेल बनवायला जातं. म्हणजे तुमच्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळात या टेकड्यांचा तुकडा असणं अगदीच अशक्य नाही. (आमच्या सायकलच्या दिव्यात मात्र लिथियम.) मुद्दा असा की या रस्त्यावर घाम गाळणारे आम्ही पहिले नाही, आणि त्यातला घाम मोबाइलवर मोजणारे मात्र बहुधा पहिलेच.

माझे बाबा १६ वर्षं याच भागातल्या आमच्या गावाहून तुमसरला एका राईस मिलमध्ये काट्यावर काम करायला सायकलनं जायचे. जाऊन-येऊन २२ किलोमीटर. जुनी लुना घेतली त्याच आठवड्यात त्यांनी सायकल भंगारात दिली, आणि त्या सायकलबद्दल हळहळताना मी त्यांना कधी बघितलं नाही. मी पुण्यातून माझी नवी सायकल घरी आणली तेव्हा त्यांनी ती एका हातानं उचलून बघितली, हलकी आहे म्हणाले, आणि मग मागे बघून विचारलं, "याले कॅरियर नाही का रे? मंग सामान कुठं ठेवतं?"

सामान नसतंच, हे त्यांना सांगायला मला जरा वेळ लागला.

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञानं १९७८ साली 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची व्याख्या केली. थोडक्यात अशी, की अनावश्यक अडथळे स्वखुशीनं पार करण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. गोल्फचा चेंडू हातानंही भोकात टाकता येतो, पण मग तो गोल्फ राहत नाही. आंबागडला मोटरसायकलनंही जाता येतं. ही व्याख्या मला फार आवडते, कारण ती आमच्यासारख्यांना उगाच लाजवत नाही. खेळ म्हणजे फसवणूक किंवा नाटक असं सूट्स म्हणत नाही. उलट माणसाच्या सगळ्या गरजा भागल्या तर करण्याजोगं शेवटी खेळच उरेल, असा त्याचा रोख आहे. इंजिनिअरिंगच्या भाषेत बोलायचं तर बंद वळशात गुरुत्वाकर्षणानं केलेलं एकूण काम शून्य असतं. जिथून निघालो तिथंच आलो. ते शून्य मुद्दाम कमवायला पहाटे साडेचारला उठणं यात मला गंमतच वाटते.

मग फरक 'निवड' या एका शब्दात संपला का? मला तसं वाटत नाही.

गायमुखचंच घ्या. याच वळशावर महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. 'हर बोला हर हर महादेव' म्हणत लोक येतात. आपल्याकडचे कितीतरी लोक त्याही पुढे पचमढीला जातात आणि खांद्यावर जड त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात. यातले बरेचसे शेतकरी आणि मजूर. वर्षभर वाट्याला आलेले कष्ट ज्यांना चुकत नाहीत, तीच माणसं वर्षातून काही दिवस आणखी कष्ट स्वतःहून अंगावर घेतात, आणि आनंदानं. म्हणजे 'पोट भरलेल्यांनाच असले चोचले सुचतात' हे खरं नाही. निवडलेल्या कष्टाची भूक सगळ्यांना असते. गरिबाला फक्त विश्रांतीच हवी असणार, असं आपण धरून चालतो, त्यात दयेपेक्षा तुच्छताच जास्त असते.

याच्या उलट टोकाला सिमोन वेल. फ्रान्समधली तत्त्वज्ञानाची ही शिक्षिका शाळेतून रजा घेऊन डिसेंबर १९३४ मध्ये पॅरिसच्या एका कारखान्यात मजूर म्हणून लागली. कुणी बळजबरी केली नव्हती. तब्येत नाजूक, डोकेदुखी कायमची, तरी १९३५ च्या ऑगस्टपर्यंत मध्ये खंड पडत ती वेगवेगळ्या कारखान्यांत काम करत राहिली. तिथं आपल्यावर गुलामीची खूण कायमची उमटली, असं तिनं नंतर लिहिलं. दार उघडं होतं, तरीही. निवडून आत गेलेल्या माणसालाही कष्ट खरोखर मोडू शकतात. म्हणजे सुरुवातीला 'हो' म्हटलं होतं की नाही, एवढ्यावरून पुढचं काही ठरत नाही.

आणि बाबांचं काय? ते त्या १६ वर्षांबद्दल फारसं बोलत नाहीत. बोलले तर एका गोष्टीबद्दल. मिल सुटल्यावर चौघं-पाचजण एकत्र निघायचे आणि रेल्वे फाटकापर्यंत शर्यत लावायचे. फाटक बंद होण्याआधी पलीकडे जाईल तो जिंकला. मी विचारलं, कोण जिंकायचं? म्हणाले, ज्याच्या कॅरियरवर त्या दिवशी पोतं नसायचं तो. दिवसभर वजनं उचलल्यावर, पोटासाठी करावी लागणाऱ्या त्या ११ किलोमीटरमध्ये ही माणसं अनावश्यक अडथळा शोधून काढत होती. सूट्सची व्याख्या त्यांना तंतोतंत लागू पडते. म्हणजे खेळ आणि राबणं यांच्यातली रेघ माणसामाणसांमध्ये काढता येत नाही, ती एकाच फेरीच्या मधून जाते.

मग उरतो तो फरक कुठे? मला तो तापाच्या दिवशी दिसतो.

मला ताप आला की ॲपवर 'रेस्ट डे' असतो. कोच असेल तर तो शाबासकीही देतो, शरीराचं ऐकलंस म्हणून. बाबांना ताप आला की एकतर खाडा, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, नाहीतर ताप घेऊन २२ किलोमीटर. चांगल्या दिवशी दोघांची सायकल सारखीच चालते. दोघांनाही वारा लागतो, दोघांनाही शर्यत सुचते. पण कष्ट कुणाचे आहेत हे वाईट दिवशी कळतं. आंबागडच्या कैद्यांना तर सगळे दिवस तेच होते.

हे मान्य केलं की एक गोष्ट मला पटेनाशी होते. लिंक्डइनवर हल्ली अशा पोस्ट रोज दिसतात: शंभर किलोमीटरच्या राइडनं मला नेतृत्व शिकवलं, चढावानं जिद्द शिकवली. चढावानं जिद्द शिकवत असती तर तेंदूपत्त्याचे गठ्ठे वाहणाऱ्या बाईला एव्हाना कंपनीचं बोर्ड मिळायला हवं होतं. माझ्या मते निवडलेल्या कष्टातून आनंद घ्यावा, मनसोक्त घ्यावा, पण त्यातून नैतिक पगार उचलू नये. ज्या खेळातून कधीही उठून जाता येतं, त्यात टिकून राहिल्याचं श्रेय असतं, पण ते खेळाडूचं श्रेय. पुढे ऑफिसात कुणी दिवसाच्या बारा तासांबद्दल कुरकुर केली की हाच 'ग्राइंड' त्याच्यासमोर नाचवला जातो, तेव्हा ते श्रेय चक्क चोरीचं झालेलं असतं.

दुसरी बाजूही आहेच. खेड्यातून आयटीत आलेल्या आमच्या पिढीकडे 'माझे वडील रोज एवढे किलोमीटर सायकल चालवायचे' ही गोष्ट तयार असते, आणि ती इंटरव्ह्यूत चालते. पण ज्यांचे ते किलोमीटर होते, त्यांना त्यातून बाहेर पडायचं होतं. त्यांनी ते प्रेरणा म्हणून केले नव्हते. मी ही गोष्ट इथं सांगण्याआधी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "लिही, पण मिलचं नाव नको टाकू. आणि शर्यतीचं लिहिजो."

शनिवारी सकाळची शाळा असते. त्या दिवशी या रस्त्यावर सायकलींची गर्दी असते आणि त्यात आमच्या तीन-चार हेल्मेटवाल्यांना कुणी विचारत नाही. राज्यात मागास तालुक्यांमध्ये मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. सायकल नसती तर यातल्या किती जणींची शाळा सातवीनंतर सुटली असती, हा हिशेब इथल्या आईबापांना तोंडपाठ आहे. त्या मुलींनी सायकल निवडली का? शाळा लांब आहे, एसटीची वेळ जुळत नाही, म्हणून सायकल. पण सायकल आहे म्हणून आईला न विचारता मैत्रिणीच्या गावाहून जाता येतं, हेही आहेच. मागच्या शनिवारी दोघी डबलसीट होत्या, कॅरियरवर एक, तिच्या मांडीवर दोघींची दप्तरं. त्यांनी आम्हाला चढावर मागे टाकलं, वळून बघून हसल्या आणि शाळेच्या फाट्याला आत वळल्या. आम्ही पुढे आंबागडला गेलो.