वेगाचें माहात्म्य

बंदुकीचें नवें काडतूस निघालें कीं अमेरिकेंतील शिकाऱ्यांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, आतां जुन्या बंदुका मोडींत काढा. दुसरा म्हणतो, आमच्या आजोबांनीं ज्या काडतुसानें हरणें मारलीं त्यानें तीं आजहि मरतात. २०२२ सालीं '७ एम्. एम्. पी. आर्. सी.' निघालें, २०२५ सालीं फेडरल कंपनीचें '७ एम्. एम्. बॅककंट्री' आलें, आणि प्रत्येक वेळीं हाच वाद. आम्ही शिकारी नव्हों. विद्यार्थिदशेंत एन्. सी. सी.च्या शिबिरांत आम्ही .२२च्या बंदुकीनें पांच गोळ्या झाडल्या. त्यांतील एक लक्ष्यास लागली, आणि ती आमचीच होती कीं नाहीं याविषयीं शेजाऱ्यास अखेरपर्यंत शंका होती. एवढाच आमचा अधिकार. तरीहि या वादांत आम्ही तोंड घालतों, याचें कारण त्याच्या तळाशीं असलेला प्रश्न नीतीचा आहे, आणि त्याचें उत्तर बंदूकवाल्यांवर सोंपवून चालणार नाहीं.

वेगाची महती अगदींच पोकळ आहे असें कोणी समजूं नये. पॉल व्हिएय्य या फ्रेंच रसायनज्ञानें १८८४ सालीं धूरहीन दारू सिद्ध केली व १८८६च्या लेबेल बंदुकींत ती वापरली गेली. काळ्या दारूच्या काळांत सैनिकी बंदुकीची गोळी सेकंदास चौदाशें फुटांच्या आसपास जाई. ती एकदम दोन हजारांच्या वर गेली. गोळीची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते; शिवाय तिचा मार्ग सपाट झाला म्हणजे अंतराच्या अंदाजांतील चूक बरीच क्षम्य होते. ही क्रांति खरी होती. तिच्या पुण्याईवर पुढच्या किती जाहिराती जगल्या, हा निराळा इतिहास आहे.

त्यांतील एक प्रकरण मोठें मासलेवाईक आहे. १९१५च्या सुमारास चार्लस् न्यूटन यानें सॅव्हेज कंपनीसाठीं .२५० मापाचें काडतूस आंखलें. त्याचा कल १०० ग्रेन वजनाच्या, सेकंदास सुमारें २८०० फूट जाणाऱ्या गोळीकडे होता. कंपनीस मात्र ३००० हा आंकडा हवा होता, असें सांगतात. तेव्हां गोळी ८७ ग्रेनांपर्यंत हलकी करून आंकडा साधला, आणि काडतुसाच्या नांवांतच तो गोंवून टाकला. म्हणजे गोळीचें वजन जनावराच्या हाडामांसाकडे पाहून न ठरतां शून्यें मोजून ठरलें! अर्थात् आमच्या व्यवसायांतहि जुन्या क्रमिक पुस्तकास दर दोन वर्षांनीं नवें वेष्टन चढतें व किंमत वाढते. सबब हंसण्याचा आम्हांस फारसा अधिकार नाहीं.

पण क्रमिक पुस्तकानें कोणी मरत नाहीं. याच काळांत .२८० रॉस या काडतुसाची मोठी ख्याति होती. त्याची गोळी सेकंदास २९०० फुटांच्या आसपास जाई. ब्रिटनचे त्या वेळचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांचे बंधु जॉर्ज ग्रे यांनीं १९११ सालीं पूर्व आफ्रिकेंत अंगावर येणाऱ्या सिंहावर तें जवळून झाडलें. गोळ्या लागल्या, सिंह थांबला नाहीं, आणि ग्रे त्या जखमांनीं मरण पावले. हलकी गोळी अतिवेगानें हाडामांसावर आदळली म्हणजे वरच्यावर फुटते. खोल जातच नाहीं. हल्लींच्या गोळ्यांची घडण पुष्कळ सुधारली आहे हें आम्ही मान्य करतों. तथापि ग्रे यांनीं अतिशयोक्तीचें मोल स्वतः दिलें. बहुधा तें जनावर देतें. जखमी होऊन तें झाडींत शिरतें व दोन दिवसांनीं कोठें तरी मरतें. त्याची साक्ष कोणीहि घेत नाहीं. आमच्या मतें सगळा प्रश्न येथें आहे: ज्याच्या जिवावर आपल्या दाव्याची परीक्षा व्हावयाची त्यास बोलतां येत नसेल, तर दावा करतांना आपण किती जपावें?

आतां उलट उदाहरण पाहा. डब्ल्यू. डी. एम्. बेल यांनीं आफ्रिकेंत हजारावर हत्ती मारले, त्यांतील बरेचसे .२७५ रिग्बीनें. तिची १७३ ग्रेनांची गोळी सेकंदास जेमतेम २३०० फूट जाई. बेल यांनीं हत्तीची कवटी चिरून मेंदू नेमका कोठें असतो याचा अभ्यास केला होता. (हजार हत्ती मारणें हा पुरुषार्थ आम्हांस वाटत नाहीं, तूर्त मुद्दा निराळा.) १९०७ सालीं चंपावतच्या नरभक्षक वाघिणीस मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांस भेट मिळालेली बंदूकहि याच मापाची.

नव्या काडतुसाची बाजूहि न्यायानें मांडली पाहिजे. बॅककंट्रीची टोपी पितळेऐवजीं पोलादी मिश्रधातूची असल्यामुळें ती चौरस इंचास ८०,००० पौंडांचा दाब सोसते. इतरत्र ६५,००० ही बहुधा वरची मर्यादा. त्यामुळें १७० ग्रेनांची गोळी वीस इंचांच्या आंखूड नळींतूनहि ३००० फुटांचा वेग गांठते. डोंगर चढणाऱ्यास आंखूड बंदूक सोयीची, हा लाभ खरा आहे. पण वेगाचा लाभ केवढा? आम्हीं ढोबळ हिशेब करून पाहिला. सेकंदास २७०० फूट जाणाऱ्या, २००७ सालच्या ६.५ क्रीडमूरसारख्या सौम्य काडतुसाशीं तुलना केली तर दोनशें यार्डांवर नव्या गोळीचे दोनतीन शतांश सेकंद वांचतात, सहाशें यार्डांवर एक दशांश. या दशांशाच्या भरंवशावर, जो पूर्वी दोनशें यार्डांपर्यंत रांगत जाई, तो आतां सहाशेंवरूनच चाप ओढावा काय, याचा विचार करूं लागतो. जें चुकीचें अंतर वेगानें वांचविलें तें शिकारी पल्ला वाढविण्यांत खर्च करून टाकतो. पगार वाढतांच घर वाढविणाऱ्या गृहस्थाप्रमाणें त्याचा शिल्लकबंद पूर्वीइतकाच राहतो. जोराच्या धक्क्यानें खांदा दुखूं लागला म्हणजे सराव कमी होतो, ही तूट वेगळीच.

सहाशें यार्डांवर ही वेगवान गोळी पोंचावयास पाऊण सेकंदाहून किंचित् कमी वेळ लागतो. चरणारें हरीण तेवढ्यांत एक पाऊल पुढें टाकतें.