आधी आत की आधी बाहेर?

रविवारी गाडी आधी बाहेरून धुतली, मग आतल्या मॅट्स झटकल्या. सगळी धूळ ओल्या बॉनेटवर! चिडून बाबांवर ओरडलो, ‘गाडीत शेंगा कशाला खाता?’ ते गप्प झाले. तेवढ्यात शेजारचे काका म्हणाले, ‘वा, गाडी चकाचक!’ मी हसून ‘थँक्यू’ म्हटलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

पतंजलींच्या पाच नियमांत पहिला शौच, म्हणजे शुचिता. व्यासभाष्यात तिचे दोन भाग आहेत: माती-पाण्याने होते ती बाह्य, चित्ताचे मळ धुणं ही आभ्यंतर. आधी उल्लेख बाह्य शुचितेचा येतो. पण आतली धूळ राहिली तर ती कधीतरी उडतेच, आणि जवळच्या माणसावरच बसते.

आज आंघोळीच्या आधी बाबांची माफी मागितली.