इसार दिल्यानंतर

कारागिराच्या हातात इसाराचे पैसे पडले, की त्या क्षणापासून दोन माणसांमध्ये एक चमत्कारिक नाते सुरू होते. घरच्या माणसाचीही आपण पाहत नाही इतकी वाट त्या परक्या माणसाची पाहू लागतो. तयार वस्तू विकत घेणाऱ्याला हा अनुभव नाही. तेथे वस्तू समोर असते, पैसे खिशात असतात आणि व्यवहार आटोपला की दोघेही एकमेकांना विसरायला मोकळे. परंतु आपल्या मापाची वस्तू घडवून घ्यायची म्हटली, म्हणजे जी अजून जगात नाही तिच्यासाठी पैसे मोजावे लागतात. आपण विकत घेतो तो खरे म्हणजे एका माणसाचा शब्द. म्हणून तो माणूस बोलेनासा झाला की मनाला जे लागते, ते नुसत्या पैशांचे नसते.

आमचे धर्माबाद महाराष्ट्राच्या अगदी काठावरचे गाव. येथल्या मिरचीच्या बाजारात मराठी आणि तेलुगू शेजारी शेजारी नांदतात, आणि १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात असल्यामुळे उर्दूही जिभेवर आहे. तेव्हा वायदा करणाऱ्याला 'उद्या', 'रेपु' आणि 'कल' अशी तीन भाषांची सोय. त्यांत 'कल' सर्वांत सोयीचा, कारण तो होऊन गेलेल्या दिवसालाही चालतो! पलीकडच्या तेलुगू मुलखात भुताला चकवण्यासाठी दारावर 'ओ स्त्री, रेपु रा', म्हणजे 'बाई, उद्या ये', असे लिहून ठेवण्याची रीत होती. भूत रोज रात्री यायचे, ती अक्षरे वाचून परत जायचे. काही दुकानांच्या पायऱ्या चढताना मला त्या भुताची फार कीव येते.

गेल्या वर्षी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा मी एका सुताराला पाळणा करायला सांगितला. सागवानी लाकूड, कातीव दांड्या, आणि बारशाच्या आधी घरी पोचवायचा. निम्मे पैसे इसार म्हणून दिले. पहिले काही दिवस तो भेटला की आपणहून लाकडाविषयी बोलायचा. पुढे फोन वाजत राहू लागला आणि उचलला जाईनासा झाला. दुकानावर गेले की पोऱ्या म्हणे, "मिस्त्री आत्ताच गेले." बारसे आईच्या जुन्या लुगड्याच्या झोळीत झाले. बाळाला त्यात काही उणे वाटले असेल असे नाही, पण पाळण्यासाठी तुळईला ठोकलेल्या कड्यांकडे आईची नजर राहून राहून जात होती.

आता प्रश्न असा, की बारसे होऊन गेल्यावर त्या सुताराने मला काय देणे आहे? १८७२ च्या करार कायद्याचे ५५ वे कलम याचे उत्तर देते. ज्या कामात वेळेलाच महत्त्व आहे, ते वेळेवर झाले नाही तर सांगणाऱ्याला करार मोडता येतो. उशिरा आलेली वस्तू त्याने ठेवून घेतली, आणि घेताना भरपाईविषयी बजावले नाही, तर मागाहून ती मागता येत नाही. हा हिशेब चोख आहे. पण मधल्या दोन महिन्यांच्या मौनाचा त्यात जमाखर्च नाही, आणि मला बोचत होते ते तेच.

जुनी माणसे म्हणतात, बलुतेदारीत असे होत नसे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा' या पुस्तकात ती सारी व्यवस्था वाचायला मिळते. सुताराने वर्षभर औते दुरुस्त करावीत आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा न्यावा. म्हणजे मोबदला कामामागून येई, आणि वर्षातून एक दिवस तरी दोघांना एकमेकांसमोर उभे राहावेच लागे. हे खरेच, पण मला त्या व्यवस्थेचे गोडवे गाववत नाहीत. तेथे सुताराचा मुलगा जन्मानेच सुतार ठरे आणि पाटलाच्या कामाला 'नाही' म्हणण्याची त्याची छाती नसे. आज ती मुभा आहे. पण पिढ्यानपिढ्या जो शब्द उच्चारायची सोय नव्हती, तो ओठांवर सहज कसा यावा? आणि आपण तरी तो ऐकून घेतो का? "या महिन्यात जमणार नाही," असे सरळ सांगणाऱ्याला सोडून आपण पुढच्या दुकानात जातो, आणि जो बेधडक "होय" म्हणतो त्याच्या हातावर इसार ठेवतो.

कोणी म्हणेल, मोठ्या कलावंतांनीही लोकांना ताटकळत ठेवलेच की! पोप दुसरा ज्युलियस याने १५०५ मध्ये मायकेलअँजेलोला आपल्या समाधीचे काम सांगितले. पोप १५१३ मध्ये वारला, आणि समाधी, तीही पुष्कळ लहान करून, १५४५ मध्ये पुरी झाली. परंतु त्या चाळीस वर्षांत पोपच्या वारसांशी करार पुन्हा पुन्हा नव्याने लिहिले गेले. भांडणतंटा झाला, पण बोलणे चालू राहिले. आपल्या नरहरी सोनाराची कथा तर घरोघरी ठाऊक आहे. विठ्ठलाचा करगोटा कधी सैल होई, कधी आखूड. सावकार तो परत आणी आणि नरहरी पुन्हा घडवी. हा शिवभक्त विठ्ठलाचे तोंड पाहायला तयार नव्हता, पण गिऱ्हाइकापासून त्याने तोंड लपवल्याचे कथेत कोठे नाही.

बारशानंतर कोणी मला सल्ला दिला, चार माणसे घेऊन जा आणि भर बाजारात विचारा. मी एकटाच, शाळेच्या आधी गेलो. तो रंधा मारीत होता.

"मिस्त्री, पाळणा होणार आहे की नाही, तेवढं सांगा. नाही म्हणालात तरी मी चहा पिऊनच जाईन."

बराच वेळ नुसता रंध्याचा आवाज. मग तो म्हणाला, "नाही होणार, गुरुजी. तुमचं लाकूड दुसऱ्याच्या चौकटीत गेलं."

"मग फोन का उचलला नाही?"

"कोण्या तोंडानं उचलू?"

ही शरम खरी होती. तरीही ती मला निर्दोष वाटत नाही. ओशाळण्यापासून त्याने स्वतःला वाचवले, आणि त्याची किंमत आमच्या घराने भरली. मात्र दुसऱ्या एका जातीचे मौन असते. गिऱ्हाईक कंटाळून नाद सोडील, या हिशेबाने धरलेले. त्याच्यासाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि जिल्ह्याच्या ठिकाणचा ग्राहक आयोग आहे, आणि तेथे जाण्यात मला काही गैर दिसत नाही. ही दोन मौने बाहेरून सारखीच दिसतात. 'नाही' म्हणायला वाट करून दिली, की शरमलेला माणूस ती धरतो. हिशेबी माणूस त्या वेळीही "उद्या" म्हणतो.

पैसे तीन हप्त्यांत द्यायचे ठरले. पहिला आठवड्यात आला. दुसऱ्याच्या आदल्या रात्री माझा फोन वाजला. मिस्त्रीच होता. या महिन्यात जमत नाही, म्हणाला.