काजळी आणि निर्जरा

परभणी जिल्ह्यात जिंतूरजवळच्या नेमगिरीवर जैन गुंफामंदिरे आहेत. ज्या दर्शनाशी ती निगडित आहेत, त्याने कर्म हे केवळ कृतीचे फळ न मानता सूक्ष्म पुद्गल, म्हणजे जडद्रव्याचे कण, मानले. मन, वाणी व काया यांच्या व्यापारामुळे हे कण आत्म्याकडे येतात, तो आस्रव, आणि क्रोध, मान, माया, लोभ या कषायांमुळे त्याला चिकटतात, तो बंध. साचलेले द्रव्य दूर कसे करावे, हा या दर्शनाचा प्रश्न डिझेल जनरेटरच्या सायलेन्सरमार्गातील कणरोधक फिल्टर, अर्थात डीपीएफ, तुंबल्यावर मेकॅनिकपुढेही उभा राहतो.

१ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॉटपर्यंतच्या नव्या जनरेटरांना कडक उत्सर्जन-मानके लागू झाल्यावर अनेक संचांवर हा फिल्टर आला. त्याच्या सच्छिद्र भिंतींत अडकलेली काजळी, लोड पुरेसा असल्यास, धुराच्या उष्णतेनेच हळूहळू जळते; नसल्यास जादा डिझेल खर्चून तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते. जैन आचार्यांनीही निर्जरा, म्हणजे कर्माचे झडणे, दोन प्रकारची सांगितली आहे: कर्म पिकून आपोआप गळते ती सविपाक आणि तपाने मुदतीआधी घडवली जाते ती अविपाक.

मोठा जनरेटर चार दिव्यांच्या लोडवर तासन्‌तास चालवला, किंवा गळका इंजेक्टर, कोंदलेला एअर फिल्टर आणि टर्बोतून झिरपणारे ऑइल तसेच राहू दिले, तर काजळी कितीही वेळा जाळली तरी फिल्टर पुन्हा तुंबतो. सात तत्त्वांच्या क्रमात संवर, म्हणजे नव्या कणांचा शिरकाव रोखणे, निर्जरेच्या आधी येतो, तो याच तर्काने. ऑइलमधील क्षारांची राख मात्र कोणत्याही तापमानाला जळत नाही, फिल्टर उतरवूनच ती काढावी लागते. तिला दर्शनात जोड शोधणे ही ओढाताण होईल.

खरा भेद वेगळाच आहे. आत्म्याला कणांचा संचय हे बंधन आहे, तर फिल्टरचे प्रयोजनच संचय हे आहे, आणि जैन मतानुसार कोणताही जीव दुसऱ्याचे कर्म स्वतःवर घेऊ शकत नसताना फिल्टर इतरांच्या फुफ्फुसांत जाणारी काजळी स्वतःत अडवतो. त्यामुळे आतली जाळी काढून टाकून यंत्र मोकळे करणे ही निर्जरा नव्हे. वायूलाही जीवांचा देह मानणाऱ्या दर्शनाच्या कसोटीवर ती उघड हिंसा ठरते.